गोल्फ ट्रेनिंग एड्स: मधल्या हँडिकॅपवाल्यांनी आधी काय घ्यावं

गोल्फचा हँडिकॅप, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा, १२ ते २० मधे बरेच दिवस अडकलेल्यांसाठी हे लिहितोय. म्हणजे बॉल बऱ्यापैकी लागतो, राउंडमधे दोन-चार पार (ठरलेल्या फटक्यांत होल) पडतात, पण एखादा ड्राईव्ह (होलचा पहिला लांब फटका) झाडीत आणि दोन-तीन थ्री-पट (ग्रीनवर बॉल लोळवून होलमधे घालायला तीन फटके) ठरलेलेच. अगदी नवीन माणूस प्रो, म्हणजे क्लबचा शिक्षक, सांगेल तेवढंच करतो, सिंगल (दहाच्या आतल्या) हँडिकॅपवाल्याला स्वतःचं दुखणं माहीत असतं, आणि मधला माणूस मात्र रात्री फोनवर व्हिडिओ बघत बसतो आणि सकाळी कार्टमधे एखादं ट्रेनिंग एड, म्हणजे सरावाला मदत करणारी वस्तू, पडलेलं असतं. आमच्या ग्रुपमधल्या लोकांनी मिळून गेल्या काही वर्षांत यातलं बरंच वापरलंय, काही विकत घेऊन, काही एकमेकांकडून मागून, काही प्रोच्या बॅगेतलं काढून, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. जी वस्तू त्याच क्षणी सांगते की हा शॉट बरोबर का चूक, ती आधी घ्या. जी नुसता फील देते ती नंतर. जी दोन्ही करत नाही तिला हात लावू नका, मग जाहिरातीत कुठलाही टूर प्लेअर असू दे.

आणि त्याच्याही आधी आपला मिस, म्हणजे नेहमीची चूक, कुठला ते नीट कळलं पाहिजे. नुसतं "माझा स्लाईस (उजवीकडे वळणारा बॉल) जातो" म्हणून भागत नाही. बॉल सुरू कुठे होतो आणि मग वळतो कुठे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फुल स्विंगमधे बॉल सुरुवातीला ज्या दिशेला निघतो ती दिशा मुख्यतः क्लबफेस (क्लबचा बॉलला लागणारा भाग) ठरवतो, साधारण ७५ ते ८५ टक्के, आणि नंतर वळतो तो फेस आणि पाथ (क्लब फिरतो ती दिशा) यांच्यातल्या फरकामुळे. जुन्या लोकांनी आपल्याला बरोबर उलटं शिकवलं होतं, की पाथ दिशा ठरवतो आणि फेस वळण. त्यामुळे अजूनही रेंजवर (सरावाच्या मैदानावर) लोक स्लाईस घालवायला आणखी डावीकडे स्विंग करत बसतात आणि स्लाईस वाढतच जातो. हे डोक्यात बसलं की अर्धी खरेदी आपोआप रद्द होते.

पहिली वस्तू घरातच आहे, टाल्कम पावडर. ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा) फेस किंचित ओलसर कपड्याने पुसा, वर पावडरचा पातळ थर मारा, बॉल मारा आणि बघा डाग कुठे उमटलाय. परदेशात लोक यासाठी पायाला मारायचा पावडरचा स्प्रे वापरतात, आपल्याकडे साधी पावडर चालते, नाहीतर बॉलच्या मागच्या बाजूला व्हाईटबोर्ड मार्करने ठसठशीत ठिपका काढा, तो फेसवर छापला जातो. आमच्यातल्या एकाचा वर्षानुवर्षं उजवीकडे वळणारा ड्राईव्ह होता, पाथ सुधारायला त्याने काय काय केलं असेल, आणि पावडर मारल्यावर दिसलं की प्रत्येक डाग हीलकडे, म्हणजे फेसच्या शाफ्टकडच्या (दांड्याकडच्या) बाजूला. ड्रायव्हरच्या हीलला लागलेला बॉल उजव्या हाताच्या खेळाडूचा उजवीकडेच वळणार, गिअर इफेक्ट म्हणतात तो हाच, आणि फेसच्या दुसऱ्या, दांड्यापासून लांबच्या टोकाला (टो) लागला तर डावीकडे. त्याला स्विंग बदलायची गरजच नव्हती, बॉलपासून जरा लांब उभं राहिल्यावर डाग मधे सरकले आणि बॉल फेअरवेत (मधल्या कापलेल्या गवतात) यायला लागला. एक लक्षात ठेवा, फेसवर पावडर असताना स्पिन बदलतो, त्यामुळे तेव्हाचं अंतर आणि वळण मनावर घेऊ नका, फक्त डाग बघा. इम्पॅक्ट स्टिकर मिळतात, ते हेच काम करतात, फक्त पैसे लागतात आणि सारखे सोलत बसावं लागतं. आयर्नसाठी (धातूच्या पात्याच्या क्लबसाठी) ठीक, ड्रायव्हरला पावडरच बरी.

अलाइनमेंट स्टिक्स. या घ्याच. फायबरग्लासच्या साधारण ४८ इंची दोन काठ्या, डेकॅथलॉनच्या इनेसिस या गोल्फ ब्रँडमधे बघा किंवा कुठल्याही गोल्फ शॉपमधे, आणि तेवढेही खर्चायचे नसतील तर नर्सरीत झाडाला आधार द्यायला प्लास्टिक कोटिंगवाल्या काठ्या मिळतात त्या जमिनीवर ठेवायला अगदी पुरतात. फक्त जमिनीवर ठेवायला हां, त्या किंवा बांबूच्या काठ्या मातीत उभ्या रोवून त्यांच्या जवळून स्विंग करायचं नाही, फुटल्या तर चिलका उडतो. एक काठी टार्गेटकडे, दुसरी पायाशी तिला समांतर, रेल्वेच्या रुळांसारखी. उजव्या हाताच्या बऱ्याच खेळाडूंचे खांदे आणि पाय नकळत टार्गेटच्या उजवीकडे लागलेले असतात, कारण आपण पायच टार्गेटकडे लावतो, आणि मग बॉल परत आणायला वरून ओढणं सुरू होतं. रेंजवर तर मॅटची कडाच आपल्याला फसवते, मॅट जिकडे तोंड करून ठेवलीये तिकडेच आपण उभे राहतो. काठ्यांचा खरा फायदा माझ्या मते हा, की जे चुकतंय असं वाटतं त्यातलं किती स्विंगमधे आहे आणि किती उभं राहण्यात हे वेगळं होतं. ओव्हर द टॉप, म्हणजे क्लब बाहेरून आत ओढत, येणाऱ्यांनी बॉलच्या पलीकडे, किंचित मागे, हेडकव्हर (क्लबची टोपी) ठेवून बघा. वरून आलात तर हेडकव्हर उडणार. फुकट आहे आणि उत्तर तिथल्या तिथे.

आता ज्याकडे लोक सगळ्यात कमी बघतात ते, लो पॉइंट. म्हणजे स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या पुढे पडतो का मागे. रेंजवरच्या रबरी मॅटवर हे कळतच नाही. क्लब बॉलच्या दोन इंच मागे टेकला तरी मॅटवरून घसरून बॉलला लागतो, आवाजही बरा येतो, बॉलही जातो, आणि कोर्सवर त्याच स्विंगला मातीचा ढेकूळ पुढे आणि बॉल मागे. पुण्याजवळ लवळ्याच्या ऑक्सफर्डसारख्या चढउताराच्या कोर्सवर तर पाय सपाट क्वचितच मिळतात, तिथे ही चूक प्रत्येक होलला दिसते. यासाठी डिव्हट (क्लबने उकरलेली गवत-मातीची खपली) बोर्ड नावाची वस्तू आहे, टिकल्या लावलेल्या कापडाची मॅट असते तशी, क्लब जिथून फिरला तिथल्या टिकल्या उलटतात आणि रंग बदलतो, म्हणजे डिव्हट कुठे सुरू झाला असता आणि कुठल्या दिशेला गेला असता ते रंगात दिसतं, मग हात फिरवून परत सरळ करायचं. वस्तू चांगली आहे, फ्लॅटमधे राहणाऱ्यांना आणि पावसाळ्यात रेंज चिखलाची होते तेव्हा उपयोगी आहे, पण बाहेरून मागवायला महाग पडते.

त्याऐवजी मी रांगोळी सुचवतो. गवताच्या मोकळ्या पट्ट्यावर, जिथे डिव्हट काढायला परवानगी आहे तिथे, रांगोळीची हातभर सरळ रेघ ओढायची, टार्गेटच्या दिशेला काटकोनात, रेघ दोन पायांच्या मधे येईल असं उभं राहायचं आणि बॉल न ठेवता वेजने (जवळच्या फटक्याच्या क्लबने) किंवा नऊ नंबरच्या आयर्नने रेघेवर स्विंग करत रेघेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जायचं. काम एकच, गवत रेघेवर किंवा रेघेच्या पुढे कापलं गेलं पाहिजे. रेघेच्या मागे माती दिसली की फॅट, म्हणजे बॉलच्या आधी जमिनीला लागलेला फटका. संपूर्ण रेघ झाली की लांब उभं राहून बघा, सगळा हिशोब जमिनीवर लिहिलेला असतो, कुठला स्विंग मागे पडला, कुठला पुढे, आणि शेवटी दमल्यावर कसे सगळेच मागे सरकत गेले ते पण. रांगोळी दगडाची भुकटी असते म्हणून चांगला क्लब वापरू नका, जुना वेज घ्या, किंवा तांदळाचं पीठ वापरा. प्रॅक्टिस बंकर (वाळूचा खड्डा) मोकळा असेल तर वाळूत रेघ ओढूनही हेच होतं, फक्त नंतर रेक मारा. आमच्या ग्रुपमधे आयर्न सुधारलेल्या लोकांपैकी बहुतेकांनी हेच केलंय आणि त्यावर कुणाचाही रुपया गेलेला नाही.

पटिंगवर मी जरा जास्त लिहिणारे, कारण स्ट्रोक तिथेच वाचतात आणि एड्सचा पैसा तिथेच सगळ्यात लवकर वसूल होतो. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, बॉलचा ४२.६७. म्हणजे होलच्या मध्यापासून कडेपर्यंत ५.४ सेंटिमीटर. आता १० फुटांच्या सरळ पटला बॉल फक्त एक अंश चुकीचा निघाला तर होलपाशी तो ५.३ सेंटिमीटर बाजूला असतो, म्हणजे अगदी कडेवर, गेला तर गेला. दोन अंश चुकला तर प्रश्नच नाही. आणि पटमधे सुरुवातीची दिशा फुल स्विंगपेक्षाही जास्त फेसच ठरवतो. म्हणून सगळ्यात आधी गेट. बॉलच्या पुढे ३० सेंटिमीटरवर दोन टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या) रोवा, मधे ५ सेंटिमीटर फट. बॉल सव्वाचार सेंटिमीटरचा, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम साडेतीन-पावणेचार मिलिमीटर. यातून बॉल न घासता गेला तर तुमची चूक पाऊण अंशाच्या आत आहे, म्हणजे १० फुटांवर वेग बरोबर असेल तर पट आतच. इतकं सरळ गणित दुसऱ्या कुठल्याच एडमधे नाहीये. आणखी दोन टी पटरच्या हेडच्या दोन्ही बाजूंना लावल्या, हेड जेमतेम जाईल इतक्या, की बॉल पटरच्या मध्यावर लागतोय का ते पण कळतं, टायगर वूड्सचा हाच सराव प्रसिद्ध आहे.

डेव्ह पेल्झ या प्रशिक्षकाचा पटिंग ट्यूटर याच तत्त्वावर आहे, एक प्लेट, तिच्यावर गोट्यांसारखे गोळे ठेवून गेट करायचं आणि जमेल तसं अरुंद करत न्यायचं. वस्तू नेटकी आहे, बॅगेत मावते. पण घरी मॅटवर खऱ्या गोट्या ठेवूनही तेच होतं, बॉल घासला की गोटी टणकन उडते, घरातली पोरं पण खेळायला येतात. पटिंगचा आरसा, आयलाईन कंपनीचा वगैरे, डोळे बॉलच्या रेषेवर आहेत का ते दाखवतो. चांगला आहे पण एकदा सेट केलं की रोज लागत नाही, त्यामुळे प्रोकडे किंवा मित्राकडे असेल तर बघून घ्या. नाहीतर गवंडी वापरतात तो ओळंबा घ्या, पटच्या पोझिशनमधे उभं राहून दोरी नाकाच्या वरच्या टोकाशी धरा, खाली वजन कुठे लोंबतंय ते बघा. बॉलवर किंवा बॉलच्या किंचित आतल्या बाजूला आलं तर ठीक. बॉलच्या पलीकडे जात असेल तर तुम्ही जास्तच वाकताय.

पुटआउटचा प्रेशर ट्रेनर ही एकमेव पटिंगची विकतची वस्तू जिला मी मनापासून दाद देतो. ब्रिटिश कंपनी आहे. छोटासा वक्र रॅम्प, बॉल वर चढतो आणि परत येतो, आणि तेवढंच अंतर परत येतो जेवढा तो होल चुकून पुढे गेला असता. म्हणजे दिशा आणि वेग दोन्हीचं उत्तर एकाच पटमधे. रॅम्पच्या मधे एक लहान भोक असतं, बॉल अगदी बरोबर वेगाने आणि बरोबर मधे आला तरच त्यात टिकतो, आणि ते जमलं की जो आनंद होतो तो शब्दात सांगता येत नाही.  मॅट मात्र चांगली घ्या. मी ऑनलाइन एक स्वस्तातली मागवली होती, घडी करून आली, मधली चुणी काही केल्या जाईना, इस्त्री केली, वजनं ठेवली, प्रत्येक पट त्याच जागी डावीकडे वळायचा, आणि विकणाऱ्याने परत घ्यायला साफ नकार दिला. गुंडाळी करून येणारी जाड मॅटच घ्या. सतरंजीवर वेग समजत नाही आणि व्हिट्रिफाईड टाईल्सवर तर बॉल थांबतच नाही.

अजून एक फुकटातली गोष्ट. बॉलवर मार्करने जाड सरळ रेघ काढा आणि ती टार्गेटला लावून पट मारा. रेघ सरळ लोळली तर स्ट्रोक चांगला, वेडीवाकडी थरथरली तर फेस तिरका होता किंवा बॉल कडेला लागला. ही रेघ खेळतानाही चालते, नियमात बसते.

टेम्पोसाठी, म्हणजे स्विंगच्या लयीसाठी, ऑरेंज व्हिप. लवचिक शाफ्ट, टोकाला नारिंगी वजनदार गोळा, ग्रिपच्या बाजूला काउंटरवेट. घाई करणाऱ्याला, विशेषतः वरून खाली येताना झटका देणाऱ्याला याने खरंच फरक पडतो, कारण घाई केली की शाफ्ट लगेच डगमगतो आणि तोल जातो. वॉर्मअपला याच्याइतकी छान वस्तू नाही, पहाटे पाठ आखडलेली असताना पहिल्या टीवर (सुरुवातीच्या जागेवर) जायच्या आधी हळूहळू दहा-पंधरा स्विंग, अंग मोकळं होतं. पण हा फील देणारा प्रकार आहे, बॉल मारता येत नाही, त्यामुळे माझ्या यादीत दुसऱ्या फळीत. लॅग शॉट नावाच्या सरावाच्या क्लबचा शाफ्टही असाच लवलवीत, पण त्याने बॉल मारता येतो, म्हणून दोनातून एकच घ्यायचा तर मी लॅग शॉटचा सात नंबर घेईन. घरात मोठा ऑरेंज व्हिप फिरवू नका, ४७ इंचांचा असतो, वर पंखा आहे. गच्चीवर जा.

स्पीड स्टिक्सबद्दल हल्ली सगळे विचारतात. सुपरस्पीडच्या मूळ सेटमधे तीन काठ्या असतात, एक ड्रायव्हरपेक्षा २० टक्के हलकी, एक १० टक्के हलकी आणि एक ५ टक्के जड, आणि ठरलेल्या क्रमाने एक दिवसाआड जोरात फिरवायच्या. स्पीड वाढतो, हे मी आमच्यातल्या दोघांच्या बाबतीत रडारवर बघितलंय. ताशी एक मैल स्विंग स्पीड वाढला की ड्रायव्हरला अंदाजे अडीच यार्ड मिळतात, त्यामुळे मोह होणारच. पण बॉल दोन्हीकडे जात असेल तर तोच बॉल आता जास्त लांबच्या झाडीत जाणार. फेस आणि सेंटर स्ट्राईक हातात आल्यावरच याकडे वळा, आणि पन्नाशी ओलांडली असेल किंवा कंबर बोलत असेल तर आधी फिजिओला विचारा, वॉर्मअपशिवाय तर एकही स्विंग नको. अदिती अशोक २०२१ मधे टोकियो ऑलिंपिकला चौथी आली तेव्हा तिचा ड्राईव्ह बाकीच्यांच्या बराच मागे पडत होता, ती लढली ती पटरच्या जोरावर, अगदी शेवटच्या होलपर्यंत पदकाच्या शर्यतीत. तो शनिवार ज्यांनी सकाळी उठून टीव्हीवर बघितलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

हाताच्या मधे धरायचा स्मार्ट बॉल, टूर स्ट्रायकरचा. हात आणि शरीर एकत्र फिरतंय का हे दाखवतो, सुटला की पडतो. छोट्या पिचेससाठी (ग्रीनजवळच्या उंच फटक्यांसाठी) फारच छान, आणि काखेत दोन्हीकडून नॅपकिन दाबून धरला तरी जवळजवळ तेच काम होतं. फुल ड्रायव्हरला हे करू नका, हात जखडतात. सांध्यात मोडणारा क्लब मिळतो तो टेकअवे (स्विंगची सुरुवात) झटक्यात घेणाऱ्यांना थोडे दिवस ठीक. कोपर सरळ ठेवायचे पट्टे, मनगटाला बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या वगैरे मी सोडून देईन, काढल्या की सवय पण निघून जाते.

सेन्सरमधे हॅकमोशन उत्तम आहे, मनगट किती वाकलंय ते अंशात सांगतो, पण तो आकडा चांगला का वाईट हे सांगायला प्रो पाहिजे. प्रोकडे असेल तर एक लेसन त्याच्यावर घ्या, स्वतः विकत घेऊ नका. लाँच मॉनिटर (फटक्याचं अंतर, वेग मोजणारं यंत्र) घ्यायचा असेल, गार्मिनचा आर-१० वगैरे, तर एकाच कामासाठी घ्या, प्रत्येक क्लबचा कॅरी (बॉलचं हवेतलं अंतर) किती ते वहीत लिहायला. मधल्या हँडिकॅपवाल्यांना आपला सात नंबर सगळ्यात चांगला लागला तेव्हा किती गेला तेवढंच आठवतं, नेहमीचा किती जातो ते नाही, आणि म्हणून ग्रीनच्या अलीकडच्या बंकरमधे बॉल पडत राहतात. आणि फोनचा स्लो मोशन आहेच, फक्त कॅमेरा हाताच्या उंचीवर आणि मागून घेताना नीट रेषेत ठेवा, जरा डावीउजवीकडे सरकला तर चांगला प्लेनसुद्धा (स्विंगचा तिरकस मार्ग) वाकडा दिसतो आणि नसलेला रोग दुरुस्त करत बसाल.

मंथली मेडल, म्हणजे क्लबची महिन्याची स्पर्धा, खेळणाऱ्यांसाठी नियमाचं एक. अलाइनमेंट स्टिक बॅगेत ठेवायला हरकत नाही, पण राउंड सुरू असताना ती वापरून सराव स्विंग करायचा नाही, क्लबला वजनाची रिंग लावून पण नाही. नियम ४.३ आहे. पहिल्यांदा केलं तर स्ट्रोक प्लेमधे (एकूण फटके मोजतात त्या खेळात) दोन स्ट्रोक, दुसऱ्यांदा केलं तर थेट बाद. पार-थ्रीवर (तीन फटक्यांच्या होलवर) पुढचा ग्रुप रखडला की लोक टाईमपास म्हणून ऑरेंज व्हिप काढतात, नका काढू. पहिल्या टीच्या आधी काय ते फिरवून गाडीत ठेवून या.

खरेदीचं म्हणाल तर आधी पावडर, रांगोळी, टी, गोट्या यांच्यावर एक पूर्ण पावसाळा काढा, मग अलाइनमेंट स्टिक्स आणि चांगली मॅट, मग पुटआउट, आणि त्यानंतरही टेम्पोचा त्रास असेल तर लॅग शॉट. बाहेरून मागवताना वेबसाईटवरच्या किमतीवर शिपिंग आणि कस्टम्स धरा, वस्तू दारात येईपर्यंत आकडा बराच फुगतो. अमेरिकेतून किंवा लंडनहून कुणाची बहीण, भाचा येणार असेल तर पुटआउट सांगा, घडी करून हँडबॅगेतसुद्धा मावतो. ऑरेंज व्हिप सांगू नका, ४७ इंचांची काठी कुठल्याच सुटकेसमधे बसत नाही आणि बिचाऱ्यांना एअरपोर्टवर वेगळं पार्सल करत बसावं लागतं.